उन्हाच्या नावावर

त्या दिवशी रामदासपेठेतल्या दवाखान्यात माझ्या बायकोचे, प्रभाचे रिपोर्ट मिळाले. डॉक्टरांनी ते वाचले आणि आम्हाला सांगितले. प्रभा म्हणाली, "बरं." आम्ही जिना उतरलो. ती गाडी चालवायला बसली, मी तिच्या शेजारी बसलो. चौकात गाडी बंद पडली.

यंदाचा एप्रिल लागला तसे आमच्या ओळीतल्या खिडक्यांत कुलर बसायला लागले आहेत. माळ्यावरून पत्र्याचे डबे खाली उतरतात, त्यांना रंगाचा हात दिला जातो, आणि सायकलच्या मागे वाळ्याच्या ताट्यांची चळत बांधलेला माणूस गल्लीतून हाका देत जातो. कोरड्या वाळ्यावर पहिलं पाणी पडलं की सुटणारा वास नागपूरच्या माणसाला वर्णन करून सांगावा लागत नाही. माझ्या नाकात मात्र गेली काही वर्षं त्या वासात दुसरा एक वास मिसळलेला असतो, न जळलेल्या, कच्च्या पेट्रोलचा. शेजारचा कुलर सुरू झाला की मी खिडकी लावून घेतो. मग घरात जीव गुदमरतो आणि पुन्हा उघडतो.

आमच्या गावात उन्हाळ्यात जे काही बिघडेल ते उन्हाच्या नावावर लिहिलं जातं. दूध नासलं तर ऊन. घड्याळ मागं पडलं तर ऊन. दोन भाऊ अंगणात भांडले तर शेजारीण म्हणते, "ऊन चढलं जी डोक्यात." त्यात खोटं फार नसतं. दुपारी रस्ते असे ओस पडतात की कुत्रंही सावली सोडत नाही, आणि बाहेर पडणारा माणूस डोक्याला गमछा गुंडाळून खिशात कांदा ठेवूनच पडतो. एवढं ऊन डोक्यावर असताना दुसरं कारण शोधायला कोण जाईल? त्या वर्षी आमच्या घरात दोन बिघाड होते, आणि दोन्ही आम्ही उन्हाच्या नावावर लिहून ठेवले होते.

गाडी प्रभाच्या धाकट्या भावाची. मनोहर मस्कतला नोकरीला होता. ती संपवून परतला तेव्हा सामानाबरोबर एक वापरलेली जपानी गाडी बोटीनं घेऊन आला. वर्षभरात त्याला पुन्हा तिकडूनच बोलावणं आलं आणि गाडी आमच्या अंगणात राहिली. "तायडे, तुझ्याशिवाय कोण चालवणार?" म्हणाला. खरंच कोणी नव्हतं. मी सायकलवाला माणूस. महाविद्यालयात मराठी शिकवतो. किल्ली माझ्या हातात देण्याचा विचार मनोहरच्या मनातही आला नाही, आणि मला ते योग्यच वाटलं. प्रभा मुलींच्या शाळेत भौतिकशास्त्र शिकवायची. पारशिवनीला वडिलांच्या शेतावर शाळकरी वयातच ती ट्रॅक्टर चालवायला शिकली होती. गावानं नावं ठेवली तेव्हा तिच्या वडिलांनी, बाबूजींनी, काय करावं? बाजाराच्या दिवशी तिला मुद्दाम ट्रॅक्टरवर बसवून भर बाजारातून फेरी मारायला लावली, आणि स्वतः मागे ट्रॉलीत उभे राहिले.

गाडीचं चाक डाव्या बाजूला होतं, तिकडच्या पद्धतीचं. त्यामुळे आपल्याकडे जिथं गाडी चालवणारा बसतो तिथं मी बसायचो, बहुधा मांडीवर पुस्तक घेऊन. समोरून येणाऱ्या सायकलस्वारांनी मला चालत्या गाडीत मान खाली घालून वाचताना पाहिलं की ते घाबरून रस्ता सोडायचे. प्रभाला ते फार आवडायचं. पण पुढचा ट्रक ओलांडायचा असला की समोरचं तिला दिसत नसे, मला दिसे. मग मी पुस्तक मिटून सांगायचो, "बस येते आहे, थांब... अजून थांब... आता जा." ती माझ्या शब्दावर जायची. गाडीतलं माझं काम तेवढंच होतं, आणि ते मी चोख करत असे.

मागच्या काचेखाली इंग्रजीत 'टर्बो' लिहिलेलं होतं. त्याचा अर्थ प्रभानं मला जेवणाच्या टेबलावर समजावून दिला होता. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर एक छोटं चाक फिरतं, आणि ते चाक बाहेरची हवा दाबून पुन्हा इंजिनात घालतं. हवा जास्त, म्हणून पेट्रोल जास्त, म्हणून ताकद जास्त. "म्हणजे सोडलेल्या श्वासाच्या बळावर पुढचा श्वास घ्यायचा," असं मी म्हटलं तेव्हा ती म्हणाली, "कविता करू नका. वरण वाढा मले."

होळीनंतर गाडी बिघडली. हळू चालवली तर ठीक चाले. जोर दिला की मागून काळा धूर निघे, पेट्रोलचा वास येई, आणि पुढे कुठं पाय काढला की इंजिन एकदा दचकून बंद पडे. मग कितीही किल्ली फिरवली तरी उपयोग नाही. थोडा वेळ थांबलं की मुकाट सुरू होई.

तेव्हा आमच्या आयुष्यात मेश्राम आले. कॉटन मार्केटच्या बाजूला त्यांचं गॅरेज होतं. पन्नाशीचा, जाडजूड, बोलघेवडा माणूस. गाडीचं झाकण उघडून ते बराच वेळ नुसते पाहत राहिले.

"अशी मशीन म्या जिंदगीत खोलली नाही, मॅडम."

"मंग?"

"मंग काय! खोलल्याबिगर कशी समजन?"

पण पहिलं निदान त्यांनी न खोलताच केलं. गरमी. नागपुरात उन्हाळ्यात कुठलीही गाडी बंद पडली की पेट्रोल तापून त्याची वाफ झाली, असं धरून चालतात. पेट्रोलच्या पंपावर ओलं फडकं ठेवायचं, सावलीत थांबायचं, गाडी सुरू होते. मेश्रामांनी तेच केलं. इंजिनाच्या एका उंचवट्यावर फडकं ठेवलं आणि त्यावर तांब्यानं पाणी सोडलं. प्रभा पायरीवर बसून पाहत होती.

"मेश्रामभाऊ, पंप तर मांगं टाकीत आहे. तुम्ही हे कोणाच्या कपाळावर पट्टी ठेवून राहिले?"

"ताप आला न मॅडम तिले," मेश्राम म्हणाले, आणि स्वतःच मोठ्यांदा हसले.

थोड्या वेळानं गाडी सुरू झाली. त्यामुळे गरमीच, हे पक्कं झालं. पुढे आम्हीही गाडीत पाण्याची कॅन आणि फडकं ठेवू लागलो. बंद पडली की फडकं, पाणी, सावली. दर वेळी ती सुरू व्हायची. फडक्यामुळे नव्हे, थांबल्यामुळे. जास्तीच्या पेट्रोलनं भिजलेलं आतलं सगळं तेवढ्या वेळात सुकायचं. हे प्रभाच्या लक्षात पुढे आलं.

होळीनंतरच प्रभाही थकू लागली होती. शाळेतून आली की पडून राहायची. ब्लाउज सैल झाले. शेजारच्या काकू म्हणाल्या, "उन्हाळा बाधला वं तुले." आम्ही कैरीचं पन्हं केलं, बेलाचं सरबत केलं, तळपायाला कांदा चोळला. तिनं दोन दिवस सुट्टी घेतली की तिला बरं वाटायचं. रंग थोडा परतायचा, ती उठून कामाला लागायची, आणि आम्हाला वाटायचं की पन्ह्याचा गुण आला.

एप्रिलच्या शेवटी डोळे पिवळे दिसले तेव्हा आम्ही रामदासपेठेत गेलो. मग तपासण्या, आणि मग तो दिवस. स्वादुपिंड हा शब्द मी तोवर फक्त पाठ्यपुस्तकात वाचला होता. डॉक्टरांनी मुंबईच्या कॅन्सरच्या दवाखान्याचं नाव काढलं आणि पुढचं वाक्य त्यांनी पुरं केलं नाही.

त्या दिवशी चौकात गाडी बंद पडली तेव्हा मी सवयीनं पाण्याची कॅन काढली. प्रभानं माझ्या हातावर हात ठेवला.

"राहू द्या. हे गरमीचं नाही."

मागचे लोक भोंगे वाजवत होते. ती समोर पाहत म्हणाली, "मले बाबूजीकडे जायचंय. मी चालवत जाईन. कोणी न्यायचं नाही. त्यांनी मले गाडीतून उतरताना पाह्यलं पाह्यजे. मंग मी त्यांना सांगीन."

बाबूजी पारशिवनीला एकटे राहत. प्रभाची आई फार पूर्वी गेली होती. संक्रांतीनंतर प्रभा तिकडे गेली नव्हती आणि त्यांना यातलं काही माहीत नव्हतं. भाड्याच्या गाडीत मागं झोपवून आणलेली मुलगी त्यांनी दारात पाहावी, हे तिला नको होतं. एवढंच तिचं मागणं होतं. ते ती पुन्हा बोलली नाही, पण त्या दिवसापासून आमच्या अंगणातल्या त्या इंजिनाकडे मी वेगळ्या नजरेनं पाहू लागलो. ते दुरुस्त व्हायला हवं होतं, आणि प्रभाच्या पायात बळ होतं तोवर व्हायला हवं होतं.

मे महिना मला आठवतो तो तुकड्यांनी. अंगणात पसरलेलं पोतं, त्यावर ओळीनं मांडलेले प्लग, काजळीनं माखलेले. मेश्राम ते काच-कागदानं घासून चकचकीत करत, आणि गाडी मोठ्या रस्त्यावर जाऊन आली की ते पुन्हा काळे. आत दिवाणावर कुलरसमोर पडलेली प्रभा, आणि खिडकीतून तिचं चाललेलं बोलणं.

"काय दिसतं, भाऊ?"

"पेट्रोल जास्त जाऊन राहिलं, मॅडम. जळतच नाही समदं."

"मंग कमी करा."

"कसं करू? आपल्या गाड्याले स्क्रू राहते, पिळला की कमी. हिले स्क्रूच नाही जी! कोणाले पिळू?"

प्रभा हसली, आणि हसण्यानं तिला दुखलं. मी पाहिलं, मेश्रामांनीही पाहिलं. त्यानंतर ते गाडीपाशी बसून विनोद करायचे ते थोडे हळू आवाजात करू लागले. एकदा त्यांनी मला कोपऱ्यात घेतलं. "सर, मी घेऊन जातो न मॅडमले पारशिवनीले. माह्या जीपमध्ये. अलगद." मी ते प्रभाला सांगितलं. ती खिडकीतूनच म्हणाली, "मेश्रामभाऊ, तुमच्या जीपमध्ये मी पाहुणी होईन. मले घरी जायचंय."

उन्हाळी सुट्टी होती. मी घरीच असे. वाचत बसलो तर एका पानावर दुपार जाई. शेजारच्या गच्चीवर कुरडया वाळत घातलेल्या दिसत, आणि काकू दर थोड्या वेळानं त्या उलटायला येत. रोजचं जग आपल्या गतीनं चाललं होतं. मला त्याचा राग येत नव्हता, उलट काकू वर आल्या की बरं वाटे.

जेवण हे त्या दिवसांत मोठं प्रकरण झालं होतं. मी मुगाची मऊ खिचडी करायचो, तूप घालायचो, आणि ती संपवेपर्यंत समोरून हलायचो नाही. ती माझ्यासाठी खायची. तरी रोज हाडं थोडी वर यायची. एका दुपारी अर्धी वाटी खाऊन ती थांबली आणि वाटीकडे पाहत म्हणाली, "खाते तर आहे मी. अंगाला काहून लागत नाही? मधे कुठं जातं?"

मी चमचा पुढे केला. तिनं तो बाजूला सारला. तिच्या चेहऱ्यावर शाळेतला भाव आला, फळ्यावरचं गणित एकाएकी सुटताना येणारा.

"अहो, मेश्रामभाऊले बोलवा."

ते आले तेव्हा ती उशीला टेकून बसली होती. तिनं त्यांना विचारलं, गाडीत पेट्रोल किती जावं हे कोण ठरवतं? मेश्राम म्हणाले, तो हवेचा डब्बा. हवा आत शिरते तिथंच एक डबा होता, आत पत्र्याची झडप. हवा येईल तेवढी झडप हलते, आणि त्या मापानं पेट्रोल सुटतं.

"म्हणजे हवा दारात मोजली जाते," प्रभा म्हणाली. "मंग ती त्या चाकातून दाबली जाते, मंग पाइपातून इंजिनात. बरोबर? आता समजा मधला पाइप फाटला आहे. दाबलेली हवा तिथून निसटली. डब्ब्याले ते माहीत नाही. त्यानं मोजली, पेट्रोल सोडलं. इंजिनात हवा आलीच नाही, पेट्रोल मात्र पुरं आलं."

मेश्राम उठून उभे राहिले. "पण पाइप म्या पाह्यला न मॅडम. सही सलामत हाय."

"बंद गाडीत पाह्यला. जोर लागल्यावर कसा दिसते, पाह्यलं?"

त्यांनी खिडकीतून गाडीकडे पाहिलं. मग म्हणाले, "सायकलच्या ट्यूबसारखं पाहू."

पाइप निघाला. काळ्या रबराचा, कोपरासारखा वाकलेला. मेश्रामांनी एक तोंड लाकडी बूच ठोकून बंद केलं, दुसऱ्यातून सायकलच्या पंपानं हवा भरली, आणि मी धुण्याच्या साबणाचा फेस करून वरून लावत गेलो. प्रभा पायरीपर्यंत चालत आली होती, काकूंचा हात धरून. वाकणाच्या पोटात, खालच्या अंगाला, फेसाचा एक फुगा आला. मग दुसरा. मग तिथं फेस उकळायला लागला. हवा थांबवली की फट मिटून जायची, बोटाला लागायचीही नाही. प्रभानं ती जागा स्वतः चाचपून पाहिली. मेश्राम म्हणाले, "च्या मायले! एवढीशी." आणि मग माझ्याकडे बघून ओशाळले.

त्या संध्याकाळी आम्ही आनंदात होतो. मी खोटं कशाला लिहू? आम्ही चौघांनी टरबूज कापून खाल्लं, प्रभानंही दोन फोडी खाल्ल्या. दोन बिघाडांपैकी एकाचं कारण हाताला लागलं होतं, आणि तेवढ्या संध्याकाळपुरतं ते दोन्हींना पुरलं.

तसा पाइप नागपुरात मिळणं शक्य नव्हतं. मेश्राम दोन दिवस जुना पाइप पिशवीत घालून हिंडले. शेवटी कळमन्याकडे, जिथं मालाचे ट्रक उभे राहतात, तिथल्या एका सुट्या भागांच्या दुकानात त्यांना मापाचा पाइप मिळाला. ट्रॅक्टरच्या रेडिएटरचा. प्रभाला कळलं तेव्हा म्हणाली, "पाहा. शेवटी माहेरचंच उपयोगाला आलं."

गाडी मोठ्या रस्त्यावर जोरात जाऊन आली. धूर नाही, वास नाही. मेश्रामांनी पाय काढला, इंजिन शांत चालत राहिलं. तेव्हा नवतपा, मेअखेरचे सर्वांत कडक उन्हाचे ते नऊ दिवस, चालू होता.

मधल्या काळात जे झालं होतं ते मला एका सकाळी दिसलं. उभ्या गाडीत प्रभा एकटी बसली होती. डाव्या पायानं क्लच दाबत होती. पाय जाईना, मग ती हातानं गुडघा खाली ढकलत होती. मी जवळ गेलो तसं तिनं हात मांडीवर ठेवला.

"एकदा वरच्या गिअरमध्ये पडली की क्लच लागत नाही," ती म्हणाली. "थांबायचंच नाही. बस, बंद पडली नाही पाह्यजे. आता ती पडणार नाही."

आम्ही उजाडताच निघालो. तिनं पांढरी, बारीक काठाची साडी नेसली होती. कामठीपर्यंत रस्ता मोकळा होता. गिअर बदलायची वेळ आली की ती दात दाबून धरी आणि मी दुसरीकडे पाही. पण मग गाडीनं वेग घेतला, आणि खिडकीतून वारा आला. सकाळचा वारा होता, लू सुरू व्हायच्या आधीचा. तिचे केस विस्कटले. पुढे एक ट्रक रेंगाळत होता.

"सांगा," ती म्हणाली.

"बैलगाडी येते आहे. थांब... आता जा."

ती गेली. गाडी अशी उचलली गेली की मी मागे टेकलो. ती हसत होती. कन्हानचा पूल आला. खाली नदीत वाळूच जास्त, आणि काठाकाठानं टरबुजांच्या उरलेल्या वाड्या, पिवळ्या पडलेल्या. इतक्या सुंदर त्या मला कधी दिसल्या नव्हत्या. मला वाटलं, पोचतो आपण.

कन्हानच्या पुढे रेल्वेचं फाटक लागतं. ते बंद होतं.

प्रभानं गाडी थांबवली. त्यासाठी तिला काय करावं लागलं ते मी पाहिलं नाही, डोळे मिटले होते. मालगाडी आली, डबे मोजावेत इतकी सावकाश गेली. इंजिन चालूच होतं. एकसारखा, हलका आवाज. "ऐका," ती म्हणाली. मग फाटक उघडलं. पुढचे सायकलवाले गेले, बस गेली. प्रभानं दोन्ही हातांनी गुडघा दाबला. पुन्हा दाबला. मी हात पुढे केला. तिनं मान हलवली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकलं.

मागच्या ट्रकचा ड्रायव्हर उतरून माझ्या बाजूला आला. चाक याच बाजूला असणार असं समजून तो माझ्यावर ओरडला, "क्या साब, गाडी बंद हो गई क्या? हटाओ ना!" आणि माझ्यासमोर चाकच नाही हे पाहून वाकून पलीकडे बघू लागला.

प्रभानं डोकं उचललं. "गाडी चालू आहे, भाऊ," ती म्हणाली. "गाडीला काही झालं नाही."

त्यानं तिच्याकडे नीट पाहिलं. मग क्लीनरला हाक मारली आणि दोघांनी गाडी ढकलून कडुनिंबाच्या सावलीत नेली. प्रभा तेवढं चाक वळवत होती. सावलीत आल्यावरही तिनं इंजिन बंद केलं नाही. बराच वेळ ऐकत बसली. मग स्वतःच्या हातानं किल्ली फिरवली. होळीपासून आजवर ती गाडी दर वेळी आपण होऊन बंद पडली होती. त्या दिवशी ती कोणीतरी बंद केली.

नागपूरला दूध पोचवून मोटारसायकलवर रिकाम्या कॅन घेऊन परतणारा एक गवळी भेटला. पारशिवनीचाच होता, प्रभाला ओळखत होता. तिनं त्याला सांगितलं, "बाबूजीले सांग, पोरगी फाटकापाशी आहे. गाडी चांगली आहे म्हणा."

बाबूजी त्याच मोटारसायकलवर मागे बसून आले. धोतर, डोक्याला पंचा, एका हातात काठी आडवी धरलेली. उतरून ते तिच्या खिडकीशी उभे राहिले. मी गाडीबाहेर उभा होतो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

"काय वं प्रभे, इथं काहून बसली?"

"फाटक लागलं होतं, बाबूजी."

"फाटक तं उघडं हाय."

ते तिच्याकडे पाहत राहिले. चेहऱ्याकडे, मग गळ्याकडे, मग चाकावर ठेवलेल्या मनगटाकडे, जिथून बांगड्या कोपरापर्यंत घसरत होत्या. मग त्यांनी काठी मागच्या सीटवर टाकली आणि दार उघडलं.

"सरक तिकडं."

प्रभा सरकली. मी मागे बसलो. त्यांनी आयुष्यात फक्त ट्रॅक्टर आणि एक जुनी जीप चालवली होती. गाडी दोन गचके खाऊन बंद पडली.

"बाबूजी, क्लच हळू सोडा न. हा ट्रॅक्टर नव्हे."

"तुले म्याच शिकवलं न वं?"

"म्हणूनच तं सांगून राहिली."

पुन्हा सुरू केली, पुन्हा बंद पडली. तिसऱ्यांदा निघाली. ती त्यांना सांगत होती, आता दाबा, आता सोडा, आणि समोर बस दिसली की थांबा, आता जा. माझं काम ती करत होती. त्यांच्या पाठीमागून मला त्यांचा डोळा दिसत नव्हता, फक्त पंचाचं टोक ते सारखं वर नेत होते एवढं दिसत होतं. तिला जे सांगायचं होतं ते तिला सांगावं लागलं नाही.

ती नागपूरला परतली नाही. बाबूजींच्या घरी, शेताकडच्या खोलीत होती. मी कॉलेज सुरू झाल्यावरही रजा काढून तिथंच राहिलो. मेश्राम एकदा येऊन गेले. गाडीचं झाकण उघडून पाइप दाबून पाहिला, आणि आत येऊन तिला सांगितलं, "मॅडम, टिकून हाय बरं." ती म्हणाली, "टिकन तो." श्रावणात, धानाची रोवणी आटोपता आटोपता, ती गेली.

लोक मला विचारतात, आधी कळलं असतं तर? डॉक्टरांनी मला सांगितलं होतं की फारसा फरक पडला नसता. मी ते लोकांना सांगतो. आताही वर्गात एखादी मुलगी मलूल दिसली आणि मैत्रिणी म्हणाल्या, "सर, ऊन लागलं तिला," की मी पुस्तक मिटून तिला घरी पाठवतो आणि सोबत चिठ्ठी देतो की डॉक्टरांना दाखवा. मुली मला भित्रा समजतात. समजू देत.

दिवाळीत मनोहर आला आणि गाडी विकून परत गेला. अंगणात ती उभी राहायची तिथं तेलाचा डाग होता. पुढच्या पावसाळ्यांत तो धुऊन गेला. बाबूजींनी शेती बटईनं, अर्ध्या वाट्यानं, कसायला दिली आहे. ते थकलेत, ऐकायला कमी येतं. सुट्टी लागली की मी एसटीनं पारशिवनीला जातो आणि त्यांच्याकडे राहतो. आम्ही फारसं बोलत नाही. कोणी नवा माणूस ओट्यावर आला आणि हे कोण म्हणून विचारलं, की बाबूजी माझ्याकडे हात करून सांगतात, "हे आमचे जावई."